प्राथमिक स्तरावरील विषयांचे एकात्मीकरण : ‘परिसर अभ्यास’ आणि एकात्मिक पाठ्यपुस्तके यांच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

प्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात विषयांचे एकात्मीकरण व्हावे, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. परंतु तत्त्व मान्य होणे वेगळे आणि ते वर्गाच्या नियोजनात उतरणे वेगळे. प्रस्तुत लेखात नई तालीममधील समवाय, महाराष्ट्रातील ‘परिसर अभ्यास’ हा विषय आणि अलीकडील एकात्मिक पाठ्यपुस्तकांचा प्रयोग यांची चिकित्सा केली आहे. एकात्मीकरण विषयनामाच्या, पुस्तकाच्या बांधणीच्या किंवा टाचणातील रकान्याच्या पातळीवर थांबले, तर त्याचा सर्वाधिक तोटा शाळेशिवाय शिकण्याचे दुसरे साधन नसलेल्या मुलाला होतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : एकात्मीकरण, समवाय, परिसर अभ्यास, घटक नियोजन, बहुवर्ग अध्यापन.

१. प्रस्तावना

मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या अनुभवाला तासिका नसतात. ओढ्यावर गेलेले मूल पाण्याची खोली अजमावते, मासे मोजते, आजीकडून ऐकलेली पुराची गोष्ट सांगते. यातले गणित कोणते आणि भाषा कोणती, हे त्याला वेगळे करून सांगता येत नाही. शाळा मात्र हा अनुभव विषयांत विभागते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९०२ साली मूल आणि अभ्यासक्रम यांच्यातील हा ताण विस्ताराने मांडला. या ताणाच्या एकाच टोकाची निवड करणे चुकीचे आहे, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. मुलाचा अनुभव ही सुरुवात आहे आणि विषयांची रचना ही त्या प्रवासाची दिशा आहे. ड्यूईंच्या विचारातील पूर्वार्ध आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. उत्तरार्धाचा मात्र बहुतेकदा विसर पडतो. एकात्मीकरणाच्या नावाने होणाऱ्या अनेक प्रयोगांचे दुबळेपण या विसरातून आले आहे.

२. समवाय : एक विस्मृत वारसा

एकात्मीकरणाची चर्चा पाश्चात्त्य विचारवंतांपासून सुरू करण्याचा प्रघात असला, तरी महाराष्ट्राच्या भूमीत या विषयाचा भक्कम पूर्वेतिहास आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार केला. हस्तोद्योग, नैसर्गिक परिसर आणि सामाजिक परिसर या तीन केंद्रांभोवती सर्व ज्ञान गुंफावे, असा त्यातील समवायाचा विचार होता.

या विचाराचे बळ तपशिलात दिसते. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाला तार, लटी आणि गुंडी ही मापे वापरावी लागत. १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची एक गुंडी. हा गुणाकार पुस्तकासाठी रचलेला नव्हता. मुलाच्या हातातील काम पूर्ण होण्यासाठी तो अटळ होता. कापसाच्या जमिनीविषयी बोलताना भूगोल येई आणि सूत-कापडाच्या व्यापाराविषयी बोलताना इतिहास येई. विषय आणि काम यांचे नाते येथे शोभेचे नव्हते, गरजेचे होते.

तथापि याच आराखड्यातील वेळेची विभागणी लक्षपूर्वक पाहणे आवश्यक आहे. साडेपाच तासांच्या दिवसात हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे दिली होती. मातृभाषेसाठी स्वतंत्र ४० मिनिटे होती. संगीत, चित्रकला आणि अंकगणित यांना मिळून ४० मिनिटे, तर समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे होती. म्हणजेच समवायाचा सर्वांत ठाम पुरस्कार करणाऱ्या योजनेनेही भाषा आणि गणित यांचा स्वतंत्र अवकाश पूर्णपणे काढून घेतला नव्हता. पुढील काळात समवाय ओढूनताणून साधला जातो, ही टीका मूलोद्योगी शिक्षणावर झाली. प्रत्येक पाठ टकळीशी जोडलाच पाहिजे, असा आग्रह सुरू झाला की समवायाचे कर्मकांड होते. योजनेने मुळात राखलेला तोल सुटला की काय घडते, याचे हे उदाहरण आहे. मूलोद्योगी शिक्षण मागे पडण्याची कारणे अनेक असली, तरी अभ्यासक्रम नियोजनाच्या दृष्टीने हा धडा महत्त्वाचा आहे.

३. ‘परिसर अभ्यास’ : नाव एक, आशय विभागलेला

१९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक स्तरावर परिसर अभ्यास ही कल्पना रुजवली. मात्र तिसरी ते पाचवी या इयत्तांत विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचे दोन भाग कायम राहिले. २००० आणि २००५ च्या आराखड्यांनी हे दोन भाग एकत्र आणण्याचा आग्रह धरला. २००५ च्या आराखड्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तयार केलेल्या ‘आसपास’ या मालिकेसाठी परिवार व मित्र, अन्न, पाणी, निवारा, प्रवास आणि आपण बनवतो त्या वस्तू व करतो ती कामे, असे सहा विषयसूत्र ठरवले गेले. या मालिकेतील पाचवीच्या पुस्तकात जैसलमेरच्या घडसीसर तलावावरून पाण्याचा पाठ सुरू होतो. पाणी साठवण्याचे तंत्र, राजाने केलेली व्यवस्था आणि आजची टंचाई ही सूत्रे तेथे एकाच कथनात येतात. इतिहासासाठी वेगळे पुस्तक लागत नाही आणि विज्ञानासाठी वेगळी व्याख्याही लागत नाही.

महाराष्ट्राने परिसर अभ्यास स्वीकारला तो स्वतःच्या पद्धतीने. बालभारतीने २०१४ च्या सुमारास इयत्ता तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी स्वतंत्र काढले. हा निर्णय एकात्मीकरणाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा होता. ‘परिसर’ या शब्दाला त्यामुळे पत्ता मिळाला. गडचिरोलीच्या मुलाने आपल्या जंगलाचा आणि सिंधुदुर्गाच्या मुलाने आपल्या किनाऱ्याचा नकाशा पाहावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

चौथीत मात्र चित्र बदलते. परिसर अभ्यासाचे दोन भाग होतात. पहिल्या भागात विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचा आशय बऱ्याच अंशी एकत्र आणलेला आहे. दुसरा भाग छत्रपती शिवाजी महाराजांच्या चरित्राचा आहे. हे पुस्तक मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांनी प्रेमाने वाचले आहे आणि त्याचे स्थान वादातीत आहे. प्रश्न आहे तो या दोन भागांच्या परस्परसंबंधाचा. पहिल्या भागात ‘साठवण पाण्याची’ हा पाठ आहे, दिशा आणि नकाशा यांवरही पाठ आहेत. दुसऱ्या भागात गड आहेत. गडावर पाणी कोठून येत असे, हा प्रश्न या दोहोंच्या मध्ये उभा आहे, आणि तो विचारण्याची जबाबदारी कोणत्याच भागाची नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे, आणि पाणी नसताना स्थळ बांधणे आवश्यकच असेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, असा स्पष्ट विचार आहे. रायगडावरील गंगासागर तलाव आजही पाहता येतो. गडांवरील टाक्यांमध्ये खडक, पाऊस, उतार, साठवण, राज्यकारभार आणि दूरदृष्टी हे सर्व एकवटलेले आहे. चौथीच्या मुलाला समजेल असा, महाराष्ट्राच्या मातीतील याहून चांगला एकात्मिक घटक सापडणे कठीण. तरीही तो दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत हरवतो. शिक्षकाने तो शोधला तर शोधला, नियोजन त्याला मदत करीत नाही.

४. एकात्मिक पाठ्यपुस्तके : बांधणी आणि आशय

अलीकडच्या काळात ‘एकात्मिक’ हा शब्द महाराष्ट्रातील पालकांच्या कानी पडला तो पाठ्यपुस्तकांच्या निमित्ताने. पहिलीसाठी एकात्मिक व द्वैभाषिक पुस्तके आधी पथदर्शी स्वरूपात आणि नंतर व्यापक प्रमाणावर आली. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून आठवीपर्यंतच्या इयत्तांसाठी सर्व विषयांचा आशय चार भागांत विभागलेली, वहीची पाने जोडलेली पुस्तके देण्यात आली. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्यामागील प्रमुख हेतू होता. मुले स्वतंत्र वह्या आणतच राहिली, त्यामुळे ओझे अपेक्षेप्रमाणे घटले नाही आणि वहीच्या पानांची योजना २०२५-२६ पासून थांबवण्यात आली.

दप्तराचे ओझे हा प्रश्न गंभीर आहे आणि तो सोडवण्याचा प्रयत्न स्वागतार्हच होता. येथे मुद्दा वेगळा आहे. मराठीचे दोन पाठ, गणिताची दोन प्रकरणे आणि परिसर अभ्यासाचा काही भाग एकाच बांधणीत आणल्याने विषय शेजारी येतात, एकात्म होत नाहीत. एका डब्यात बसलेले प्रवासी जसे एका कुटुंबाचे होत नाहीत, तसेच हे आहे. पहिलीच्या पुस्तकांत आशयाच्या पातळीवर सांगड घालण्याचा हेतू होता. वरच्या इयत्तांत ते नाव प्रामुख्याने बांधणीपुरते उरले. परिणामी ‘एकात्मिक’ या संज्ञेचाच अर्थ सैल झाला. शिक्षकांच्या प्रशिक्षणातील शैक्षणिक संज्ञा आणि पुस्तक वितरणातील प्रशासकीय संज्ञा एकच झाली, की शिक्षकाने एकात्मीकरण म्हणजे नेमके काय करावे, हे त्याला कोणी सांगत नाही. वहीची पाने गेली तेव्हा अनेकांच्या लेखी ‘एकात्मिक’ प्रयोगही संपला. वास्तविक आशयाच्या एकात्मीकरणाची पुरेशी परीक्षा झालेलीच नव्हती.

५. टाचणातील रकाना

एकात्मीकरणाची तिसरी अवस्था शिक्षकाच्या दैनिक टाचणात दिसते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक सर्व विषयांतून प्रतिबिंबित व्हावेत, असे सुचवले. महाराष्ट्रात पुढे मूल्यशिक्षणाची जोड मिळाली. १९९५ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने किमान अध्ययन क्षमतांची विषयवार, क्रमवार यादी दिली. यातील प्रत्येक पावलामागे विचार होता. परंतु वर्गापर्यंत पोहोचताना या विचारांचे रकाने झाले. पाठाचे नाव, उद्दिष्टे, शैक्षणिक साधने यांच्या शेजारी ‘गाभाघटक’, ‘मूल्य’ आणि ‘अन्य विषयांशी समवाय’ असे रकाने आले. बेरजेच्या पाठासमोर ‘समानता’ आणि फुलांच्या पाठासमोर ‘सौंदर्यदृष्टी’ असे लिहिले, की रकाना भरतो. अध्यापनात त्यामुळे काही बदलत नाही.

या रकानेवजा एकात्मीकरणाचे एक परिचित रूप म्हणजे नामाधारित उपक्रम. ‘आंबा’ हा विषय घ्यावयाचा. भाषेत आंब्याची कविता, गणितात आंब्यांची बेरीज, चित्रकलेत आंब्याचे चित्र आणि परिसर अभ्यासात आंब्याचे झाड. येथे सर्व विषयांना जोडणारी वस्तू एकच, ती म्हणजे एक नाम. आंब्यांच्या जागी पेरू ठेवले तरी बेरजेला काहीच फरक पडत नाही. कवितेची तर यात हानीच होते. कविता माहिती देण्यासाठी असते, असा समज मुलाच्या मनात रुजतो. तिची लय, तिची गंमत आणि तिच्यातील न सांगितलेले मागे पडते. इंग्लंडमध्ये १९६७ च्या प्लाउडन अहवालानंतर विषयसूत्राभोवती शिकवण्याची पद्धत विशेष लोकप्रिय झाली. पुढे १९९२ मध्ये प्राथमिक शिक्षणावरील तीन तज्ज्ञांच्या चर्चापत्राने अशा कामातील उथळपणावर बोट ठेवले. म्हणजे हा दोष केवळ आपल्याकडचा नाही.

६. तोटा कोणाचा?

समाजशास्त्रज्ञ बेसिल बर्नस्टाइन यांनी १९७१ मध्ये विषयांमधील सीमारेषा किती ठळक आहेत, यावरून अभ्यासक्रमाचे दोन प्रकार मांडले. सीमा पुसट असलेल्या एकात्मिक अभ्यासक्रमाला विषयांना जोडणारी एक स्पष्ट मध्यवर्ती कल्पना लागते, असे त्यांचे विवेचन आहे. ती नसेल तर काय शिकायचे आहे हेच शिकणाऱ्याला दिसत नाही. त्यांच्या पुढील लेखनातून असेही सूचित होते, की अशी अदृश्य अध्यापनरीती सुशिक्षित मध्यमवर्गीय घरातील मुलाला सोसते, कारण न दिसणारा भाग त्याचे घर भरून काढते.

हे विवेचन महाराष्ट्राला लागू करून पाहिले तर चित्र अस्वस्थ करणारे आहे. शहरातील मुलाने शाळेत आंब्याचा प्रकल्प केला, तरी संध्याकाळी शिकवणीत त्याचा भागाकार पक्का होतो. वाडी-वस्तीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेतील, घरात प्रथमच शाळेत जाणाऱ्या मुलाला भागाकार शिकण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे वर्ग. वर्गात भागाकार प्रकल्पाच्या मागे लपला, तर तो त्याला पुढे कोठेही भेटत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचे पेपर विषयवार असतात, प्रगतिपत्रकावरील नोंदीही विषयवार असतात. त्यामुळे सैल एकात्मीकरणाची किंमत कोणी मोजायची, हे आधीच ठरलेले असते.

याचा अर्थ एकात्मीकरण सोडून द्यावे असा मुळीच नाही. उलट या मुलालाच त्याची गरज अधिक आहे. त्याच्या अनुभवाला पुस्तकात जागा मिळण्याचा तो एक खात्रीचा मार्ग आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत विद्यार्थी असलेल्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक असतात. पहिली ते चौथीची अशी शाळा असेल, तर एका शिक्षकाकडे किमान दोन इयत्ता येतात. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास हा कायद्याचा किमान निकष आहे. दोन इयत्तांचे सर्व विषय सुटे सुटे शिकवायचे ठरवले, तर हे तास पुरत नाहीत. बहुवर्ग अध्यापनात एकात्मीकरण ही हौस राहत नाही, ती निकड होते. शिवाय तेथे सर्व विषय एकच शिक्षक शिकवतो. माध्यमिक शाळेत विषयशिक्षकांच्या समन्वयाची जी अडचण येते, ती येथे नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी केलेल्या कामात, विशेषतः कुरणशाळेत, मूल जेथे आहे तेथून शिक्षण सुरू करण्याची दृष्टी होती. ती दृष्टी आजही कालबाह्य नाही.

७. नियोजनाचे निकष

वरील चिकित्सेतून एकात्मिक घटक नियोजनाचे चार निकष हाती येतात. पहिला, घटकाच्या केंद्रस्थानी नाम नसावे, प्रश्न असावा. दुसरा, त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रत्येक विषय अपरिहार्य ठरावा. ज्या विषयावाचून उत्तर अडत नाही, तो त्या घटकात आणू नये. तिसरा, विषयाचा स्वतःचा क्रम मोडू नये. स्थानिक किंमत समजल्याशिवाय मोठ्या संख्यांची वजाबाकी येत नाही, म्हणून गणिताच्या काही तासिका स्वतंत्रच राहाव्यात. चौथा, मूल्यमापनात विषयवार नोंदीबरोबर जोडणीचीही नोंद व्हावी.

‘आपल्या वस्तीला उन्हाळ्यात पाणी का पुरत नाही?’ हा चौथीसाठीचा प्रश्न उदाहरणादाखल घेता येईल. समजा, एका घरात दिवसाला १५ लीटरचे १२ हंडे पाणी येते आणि घरात सहा माणसे आहेत. १८० लीटर पाणी सहा जणांत वाटले, तर माणशी ३० लीटर येते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लीटरचे आहे. म्हणजे २५ लीटरची तूट. येथे गुणाकार, भागाकार आणि वजाबाकी तिन्ही आली, आणि आंब्याच्या जागी पेरू ठेवता येतो तशी येथे अदलाबदल करता येत नाही. पाणी कोठून येते यासाठी नकाशा लागतो. पूर्वी विहीर कधी आटत असे, हे जाणून घेण्यासाठी वडीलधाऱ्यांशी बोलावे लागते आणि ते लिहून काढावे लागते. भाषा येथे सजावट उरत नाही, पुरावा गोळा करण्याचे साधन होते.

पाणी कोण भरते, हा प्रश्नही मग टाळता येत नाही. त्याचे उत्तर बहुतेक घरांत आई किंवा बहीण असे येते. विहीर सर्वांसाठी खुली होती का, हा प्रश्न त्याच्याच मागे उभा असतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर झालेला सत्याग्रह हा त्या प्रश्नाचा इतिहास आहे. पाण्याचा पाठ जलचक्राच्या आकृतीपाशी थांबला, तर हा इतिहास पुढच्या एखाद्या इयत्तेतील वेगळ्या विषयाची वाट पाहत राहतो. एकात्मीकरणाचे खरे मोल येथे कळते. विषयांच्या भिंती कधीकधी अवघड प्रश्नांना अडवण्याचेही काम करतात. भिंत दूर केली, की शिक्षकाला त्या प्रश्नाला सामोरे जावे लागते. असा घटक हाताळण्यासाठी संयम आणि तयारी दोन्ही लागतात, कारण वर्गात बसलेली मुले त्याच वस्तीतील असतात.

८. अंमलबजावणीतील अडसर

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्याने तिसरी ते पाचवीसाठी सभोवतालच्या जगाचा एकच विषय पुन्हा पुढे आणला आणि २०२४ मध्ये तिसरीचे नवे राष्ट्रीय पुस्तकही आले. दिशा योग्य आहे. परंतु पुस्तक बदलल्याने नियोजन बदलत नाही. पदविका स्तरावरील अध्यापक शिक्षण मुख्यतः विषयवार अध्यापन पद्धतींभोवती रचलेले आहे. भावी शिक्षकाला मराठीचा आणि गणिताचा सराव पाठ घेता येतो. दोन इयत्ता आणि तीन विषय एका प्रश्नाभोवती आठवडाभर गुंफण्याचा सराव त्याला क्वचितच मिळतो. वार्षिक आणि मासिक नियोजनाचे नमुनेही विषयवारच असतात. कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत पूर्वतयारीचा वेळ धरला आहे. अशैक्षणिक कामे, माहितीचे तक्ते आणि बैठका यांतून तो वेळ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. एकात्मिक घटक तयार करण्यास सुट्या पाठापेक्षा अधिक वेळ लागतो, हे मान्य केल्याशिवाय या विषयावरील कोणतीही शिफारस पोकळ ठरते.

९. निष्कर्ष

एकात्मीकरण म्हणजे विषयांचा लोप नव्हे. विषय पक्के असतील तरच त्यांची सांगड घालता येते. नई तालीमने विषयाला कामाची गरज दिली आणि तरीही भाषा व गणित यांचा अवकाश राखला. परिसर अभ्यासाने तिसरीत स्थानिकतेचे उत्तम पाऊल टाकले. चौथीत मात्र त्याने आपलेच दोन भाग एकमेकांना अपरिचित ठेवले. एकात्मिक पाठ्यपुस्तकांनी बांधणी बदलली, परंतु वरच्या इयत्तांत आशयाचा प्रश्न पुढे ढकलला. या तिन्ही अनुभवांचे सार एकच आहे : एकात्मीकरणाची खरी जागा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा टाचणाच्या रकान्यात नाही, ती शिक्षकाने निवडलेल्या प्रश्नात आहे.

केंद्र पातळीवर, वर्षाला तीन किंवा चार घटकांपुरते जरी असे नियोजन शिक्षकांनी एकत्र बसून केले आणि उरलेले विषय त्यांच्या क्रमाने शिकवले, तरी ती समाधानकारक सुरुवात ठरेल. अध्यापक विद्यालयांनी आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी या कामी साहाय्य करणे हे त्यांचे स्वाभाविक कर्तव्य आहे. ज्या मुलाला गडावरील टाक्याचा आणि आपल्या दारातील रिकाम्या हंड्याचा संबंध स्वतः जोडता येईल आणि त्याच वेळी १८० भागिले ६ हेही बिनचूक सांगता येईल, त्या मुलाच्या बाबतीत एकात्मीकरण यशस्वी झाले असे म्हणावे. यांतील एक साधले आणि दुसरे निसटले, तर नियोजन अपुरे राहिले असेच मानावे लागेल.